माहीत असलेली चाल: आर्येन रॉबेन आणि विंगरची कारकीर्द

१. प्रश्न

डच फुटबॉलपटू आर्येन रॉबेनचे गोल एकापाठोपाठ एक पाहिले की नवख्या प्रेक्षकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो: हा दर वेळी तेच तर करतो, मग याला अडवत का नाहीत? उजव्या कडेला चेंडू मिळतो. तो डाव्या पायाजवळ ठेवून रॉबेन बचावपटूच्या अंगावर धावत जातो, पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्याशी आत वळतो आणि डाव्याच पायाने लांबच्या खांबाकडे फटका मारतो. जर्मनीतल्या प्रत्येक संघाला हे पाठ होते. तरीही बायर्न म्युनिककडून बुंडेसलीगा या जर्मन लीगमधल्या २०१ सामन्यांत त्याने ९९ गोल केले, म्हणजे जवळजवळ दर दोन सामन्यांमागे एक. एवढे गोल एखाद्या मधल्या आघाडीपटूच्या नावावर असते तरी कौतुक झाले असते. कडेने खेळणाऱ्याच्या नावावर ते क्वचितच दिसतात.

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मैदानाच्या भूमितीत आहे आणि काही अंशी माणसाच्या शरीरात. रॉबेनची कारकीर्द पुन्हा पुन्हा मध्येच का थांबली, याचे उत्तरही त्याच शरीरात सापडते.

२. कडेचा माणूस

मोठ्या सामन्यांचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. गोल मात्र मधोमध आणि अवघा ७.३२ मीटर रुंद. साहजिकच बचाव करणारा संघ मधल्या पट्ट्यात दाटीवाटीने उभा राहतो. ही दाटी विरळ करायची तर आक्रमण करणाऱ्या संघातल्या कोणाला तरी कडेच्या रेषेजवळ थांबावे लागते, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवायला निदान एक बचावपटू मधून बाहेर ओढला जातो. हे काम विंगरचे. चेंडू त्याच्याकडे नसतानाही तो संघासाठी जागा तयार करत असतो, आणि हे काम गुणफलकावर कुठेच दिसत नाही.

जुन्या पद्धतीत उजव्या बगलेवर उजव्या पायाचा आणि डाव्या बगलेवर डाव्या पायाचा खेळाडू असे. बचावपटूला बाहेरून मागे टाकायचे, गोलरेषेपर्यंत धावायचे आणि तिथून चेंडू गोलसमोर टाकायचा. या फेकीला क्रॉस म्हणतात. भारतीय फुटबॉलच्या चांगल्या दिवसांतही असे विंगर होते. प्रदीपकुमार बॅनर्जी उजव्या बगलेवर खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघात ते होते, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारताचा पहिला गोल त्यांचा. मेलबर्नच्या संघात मधल्या आघाडीवर मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने एकट्याने तीन गोल केले.

मराठी वाचकाला अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ते मुंबईच्या स्टीव्हन डायसचे. डायसचा जन्म डिसेंबर १९८३ चा, रॉबेनचा जानेवारी १९८४ चा, म्हणजे दोघे जवळजवळ एकाच महिन्यातले. उजव्या बगलेवरून अचूक क्रॉस टाकणारा खेळाडू ही डायसची ओळख. महिंद्रा युनायटेडकडून त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, भारताकडून २००७ आणि २००९ चे नेहरू चषक आणि २००८ चा एएफसी चॅलेंज चषक. त्या चषकामुळेच भारताला २७ वर्षांनंतर, २०११ मध्ये, दोह्याच्या आशियाई चषकाचे दार उघडले, आणि तिथल्या संघातही डायस होता. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला तेव्हा तो अवघ्या सव्वीस वर्षांचा होता आणि त्याला दुसरा क्लब शोधावा लागला. खेळाडूची कारकीर्द त्याच्या पायांइतकीच त्याच्यामागे उभ्या असलेल्या संस्थेवर चालते, हे भारतातल्या त्या पिढीने फार जवळून पाहिले.

डायससारखा विंगर गोल घडवून देतो. रॉबेन त्याच उजव्या बगलेवर उभा राहून गोल करायला निघायचा, कारण त्याचा चांगला पाय डावा होता.

३. उजव्या बगलेवर डावा पाय

चेंडूपासून गोलच्या दोन्ही खांबांपर्यंत दोन सरळ रेषा काढल्या आहेत असे समजावे. त्या दोन रेषांमधला कोन म्हणजे खेळाडूला गोल किती उघडा दिसतो याचे माप. कोन मोठा तर फटक्याला वाव जास्त.

आता तीन जागा पाहू. पहिली जागा गोलरेषेपासून २० मीटर दूर आणि गोलच्या मध्यापासून २५ मीटर उजवीकडे. इथून कोन साधारण ८ अंशांचा पडतो. जुन्या पद्धतीचा विंगर इथून सरळ पुढे धावला आणि गोलरेषेपासून ५ मीटरवर पोहोचला, तर कोन ३ अंशांच्या आसपास येतो. म्हणून तिथून कोणी फटका मारत नाही, क्रॉसच टाकतो. रॉबेन पहिल्या जागेवरून पुढे न जाता आडवा आत यायचा. गोलरेषेपासून अंतर तेच २० मीटर, पण मध्यापासून अंतर २५ वरून १० मीटर. कोन होतो १७ अंश. म्हणजे गोलरेषेच्या एक पाऊलही जवळ न जाता, केवळ १५ मीटर आडवे सरकून, गोल दुपटीने उघडला.

आत वळताना डाव्या पायाचे आणखी दोन फायदे आहेत. उजवीकडून डावीकडे धावताना बचावपटू रॉबेनच्या उजव्या अंगाला, म्हणजे गोलच्या बाजूला असतो. चेंडू डाव्या पायाशी असल्याने दोघांच्या मध्ये रॉबेनचे शरीर येते आणि बचावपटूचा पाय चेंडूपर्यंत पोहोचत नाही. दुसरा फायदा फटक्याचा. डाव्या पायाच्या आतल्या बाजूने मारलेला चेंडू स्वतःभोवती फिरत जातो. फिरणारा चेंडू भोवतालची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः विरुद्ध बाजूला वळतो. रॉबेनचा फटका सुरुवातीला लांबच्या खांबाच्या बाहेर जाणारा वाटतो आणि शेवटच्या काही मीटरांत आत वळतो. चेंडू बाहेर जातोय असे गोलरक्षकाला वाटले तर तो क्षणभर थांबतो, आणि तो क्षण नंतर भरून निघत नाही.

या पद्धतीची एक उणीवही आहे. विंगर आत आला की रेषेजवळची जागा रिकामी पडते. बायर्नमध्ये ती जागा उजवा बचावपटू फिलिप लाम मागून धावत येऊन भरायचा. त्यामुळे समोरच्या संघाला रॉबेनचा आतला मार्ग आणि लामचा बाहेरचा मार्ग, दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागत. रॉबेनच्या गोलांत लामच्या या निमूट धावण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

४. ‘काय’ ठाऊक, ‘कधी’ नाही

भूमिती तर बचावपटूलाही ठाऊक असते. मग तो आधीच आतल्या बाजूला जाऊन का उभा राहत नाही? तसे केले की बाहेरची वाट मोकळी होते, आणि रॉबेन अधूनमधून त्या वाटेने जाऊन क्रॉस टाकत असे. हे तो फार वेळा करत नव्हता. पण तो करू शकतो एवढी भीती बचावपटूला मध्येच धरून ठेवायला पुरेशी होती.

खरी अडचण वेळेची. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीला शरीराने प्रतिसाद द्यायला तयारीच्या खेळाडूलाही साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. रॉबेन सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत आहे असे धरले, तर तेवढ्या वेळात तो १.६ मीटर पुढे गेलेला असतो. फटक्याची वाट मोकळी व्हायला एवढे अंतर पुरते. रॉबेन काय करणार हे बचावपटूला ठाऊक असते. कधी करणार हे नसते.

ती वेळ रॉबेन बचावपटूच्या पायांवरून ठरवायचा. कबड्डीत चांगला चढाईपटू कोपऱ्यातल्या खेळाडूचे वजन एका पायावर गेलेले हेरतो आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने निसटतो, कारण वजन पडलेला पाय लगेच उचलता येत नाही. रॉबेन खांद्याने बाहेरची हूल द्यायचा, बचावपटूचे वजन बाहेरच्या पायावर गेले की आत शिरायचा. यासाठी चेंडू कोणत्याही पावलाला वळवता यायला हवा. म्हणून धावताना तो चेंडूला लांब ढकलत नसे, जवळजवळ प्रत्येक पावलागणिक हलका स्पर्श करत असे. डाव्या पायाचे हे बारीक, भराभर स्पर्श त्याच्या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट होती.

५. बेडुम ते म्युनिक

डच हे नाव आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या वखारीमुळे आणि तंजावरच्या मराठी राज्याच्या शेजारी असलेल्या नागपट्टणच्या बंदरामुळे व्यापारी म्हणून आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाने डचांना फुटबॉलसाठी ओळखले. नेदरलँड्सचे क्षेत्रफळ विदर्भाच्या निम्म्याहून कमी आणि लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. एवढ्या देशाने १९७४, १९७८ आणि २०१० अशा तीन विश्वचषकांचा अंतिम सामना गाठला. त्यांच्या पद्धतीत चार बचावपटू, तीन मधले खेळाडू आणि तीन आघाडीपटू असतात, आणि त्या तिघांतले दोघे विंगर. मुलांच्या संघांनाही हीच रचना शिकवली जाते. त्यामुळे तिथे विंगर अपघाताने घडत नाही.

रॉबेन उत्तरेकडच्या ग्रोनिंगन प्रांतातल्या बेडुम या गावचा. लहानपणी तो कूर्वर पद्धतीने शिकला. डच प्रशिक्षक वील कूर्वर यांनी मोठ्या खेळाडूंच्या हालचाली सुट्या करून मुलांकडून त्या पुन्हा पुन्हा घोटून घ्यायची ही पद्धत बसवली. रॉबेनचा तो प्रत्येक पावलाचा स्पर्श तिथून आला असावा असे मानायला जागा आहे.

२००० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो एफसी ग्रोनिंगनच्या मुख्य संघात आला. २००२ मध्ये पीएसव्ही आइंडहोव्हनने त्याला घेतले आणि पहिल्याच हंगामात डच लीग जिंकली. २००४ मध्ये तो लंडनच्या चेल्सीत गेला. तिथे तीन वर्षांत दोन प्रीमियर लीग विजेतेपदे मिळाली. २००७ मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी सुमारे साडेतीन कोटी युरो मोजले, आणि पहिल्या हंगामात स्पॅनिश लीगही त्याच्या नावावर लागली. या काळात तो पुष्कळदा डाव्या बगलेवर, जुन्या पद्धतीने खेळत असे.

माद्रिदने २००९ मध्ये नवे महागडे खेळाडू आणले आणि रॉबेनला सोडले. ऑगस्टच्या अखेरीस तो बायर्नकडे आला. दुसऱ्याच दिवशी वोल्फ्सबुर्गविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याने दोन गोल केले. बायर्नचे प्रशिक्षक लुई व्हान गाल हेही डच. डाव्या बगलेवर उजव्या पायाचा फ्रँक रिबेरी आणि उजव्या बगलेवर डाव्या पायाचा रॉबेन, अशी जोडी जमली. दोघेही आत वळणारे. बायर्नच्या चाहत्यांनी दोघांची नावे जोडून ‘रॉबेरी’ असे नाव पाडले. रॉबेन दहा हंगाम तिथे राहिला. सगळ्या स्पर्धा मिळून ३०९ सामने, १४४ गोल, आठ बुंडेसलीगा आणि पाच जर्मन चषक. चार वेगवेगळ्या देशांत लीग जिंकणारे खेळाडू मोजकेच आहेत; तो त्यांपैकी एक.

६. मांडीचा मागचा स्नायू

या यशाचा दुसरा हिशेब वेगळा आहे. बुंडेसलीगाच्या एका हंगामात प्रत्येक संघ ३४ सामने खेळतो. दहा हंगामांचे ३४० सामने. रॉबेन त्यांपैकी २०१ खेळला, म्हणजे ५९ टक्के. चेल्सीत तीन हंगामांचे ११४ लीग सामने होते आणि तो ६७ खेळला; तिथेही ५९ टक्केच. माद्रिदमध्ये ७६ पैकी ५०. देश बदलले, प्रशिक्षक बदलले, वय वाढले, पण प्रमाण दर पाच सामन्यांमागे तीनच्या आसपासच राहिले. बाहेर बसलेला प्रत्येक सामना दुखापतीमुळे होता असे नाही, पण मुख्य कारण तेच होते. चेल्सीतल्या पहिल्या हंगामाआधीच्या सराव सामन्यात पायाचे हाड मोडले, आणि नंतरच्या वर्षांत स्नायूंच्या तक्रारी सुरूच राहिल्या.

वेगाने धावणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास देतो तो मांडीच्या मागचा स्नायूंचा गट, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात. हे स्नायू एकाच वेळी कंबरेचा सांधा आणि गुडघा ओलांडून जातात. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला की कंबर वाकते आणि गुडघा सरळ होतो, म्हणजे स्नायू दोन्ही टोकांनी ताणला जातो. त्याच वेळी पुढे निघालेल्या नडगीला लगाम घालण्याचे कामही त्यालाच करावे लागते. ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी धागे तुटतात. एकदा भरून आलेला स्नायू त्याच जागी पुन्हा फाटण्याचा धोका जास्त असतो. ज्याच्या खेळाचा गाभाच पूर्ण वेग, अचानक थांबणे आणि पुन्हा पूर्ण वेग हा आहे, त्याला ही दुखापत टाळणे जवळजवळ अशक्य.

२०१० च्या विश्वचषकाच्या तोंडावर हंगेरीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात रॉबेनचा हाच स्नायू दुखावला. उपचार घेऊन तो स्पर्धेच्या तिसऱ्या सामन्यात उतरला आणि अंतिम सामन्यापर्यंत खेळला. म्युनिकला परतल्यावर बायर्नच्या डॉक्टरांना स्नायू फाटलेला आढळला, आणि तो जानेवारी २०११ पर्यंत खेळू शकला नाही. पगार क्लब देतो आणि खेळाडू देशासाठी खेळताना मोडतो, मग नुकसान कोणी सोसायचे? हा जुना वाद त्यावर पेटला. भरपाई म्हणून डच संघ मे २०१२ मध्ये म्युनिकला बायर्नविरुद्ध सामना खेळायला आला.

७. चार अंतिम सामने

विंगरची कीर्ती वर्षभराच्या कामावर उभी राहते, पण लोकांच्या लक्षात अंतिम सामने राहतात. मे २०१० मध्ये बायर्न युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानकडून ०-२ हरला. पन्नास दिवसांनी, ११ जुलैला, जोहान्सबर्गमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना. स्पेनविरुद्ध गोलशून्य बरोबरी असताना साधारण तासाभराने रॉबेन एकटा गोलरक्षक इकेर कासियासच्या समोर पोहोचला. कासियास एका बाजूला झेपावला होता, तरी मागे राहिलेल्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला. जादा वेळेत स्पेनच्या इनिएस्ताने गोल केला आणि नेदरलँड्स तिसऱ्यांदा उपविजेते ठरले.

१९ मे २०१२ चा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर होता आणि समोर रॉबेनचा जुना क्लब चेल्सी. जादा वेळेत मिळालेली पेनल्टी रॉबेनने मारली. चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेखने ती अडवली. बायर्न शूटआउटमध्ये हरला. तीनच दिवसांनी तो भरपाईचा सामना झाला, आणि डच पोशाखातल्या रॉबेनची बायर्नच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या रात्री तो क्लब सोडून गेला असता तरी कोणाला नवल वाटले नसते.

तो राहिला. २५ मे २०१३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर बोरुसिया डॉर्टमुंडविरुद्ध त्याने सहकारी मांजुकिचच्या गोलला पास दिला आणि ८९ व्या मिनिटाला स्वतः विजयी गोल केला. हा गोल उजव्या बगलेवरून आत वळून आलेला नव्हता. रिबेरीने मागे सोडलेल्या चेंडूवर तो मधून धावत शिरला आणि गोलरक्षकाला चुकवत डाव्या पायाने चेंडू अगदी हळू सरकवला. इतकी वर्षे वेगासाठी ओळखला गेलेला हा खेळाडू सर्वांत मोठ्या क्षणी संथ झाला, आणि त्यात त्याची जाण दिसते.

२०१४ च्या विश्वचषकात साल्वादोरला नेदरलँड्सने स्पेनचा ५-१ असा धुव्वा उडवला. रॉबेनचे दोन गोल, आणि समोर तोच कासियास. त्याच स्पर्धेत मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात एकदा आपण मुद्दाम पडल्याचे त्याने नंतर कबूल केले. वेगात असलेल्या विंगरला जरासा धक्काही पाडतो, म्हणून पंचांना खरे-खोटे ठरवणे अवघड जाते. पण रॉबेनची ही सवय त्याच्या खेळातला डाग होती हे मान्य करायला हवे. नेदरलँड्स तिसरे आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये स्वीडनविरुद्ध दोन गोल करूनही संघ पुढच्या विश्वचषकासाठी पात्र ठरला नाही, आणि ९६ सामने व ३७ गोलांवर त्याने देशाचा पोशाख उतरवला.

८. ग्रोनिंगनला परत

मे २०१९ मध्ये रॉबेन आणि रिबेरी बायर्नच्या मैदानावरचा शेवटचा लीग सामना खेळले. आइनट्राख्ट फ्रँकफुर्टविरुद्ध दोघेही बदली खेळाडू म्हणून आले आणि दोघांनीही गोल केला. त्या उन्हाळ्यात रॉबेनने निवृत्ती जाहीर केली. वर्षभरात करोनाच्या साथीने क्लबांचे उत्पन्न आटले. एफसी ग्रोनिंगनलाही मदतीची गरज होती. २०२० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, रॉबेन आपल्या पहिल्या क्लबकडे परत आला. सप्टेंबरमध्ये पीएसव्हीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तो अर्ध्या तासात दुखापतीने बाहेर गेला आणि त्यानंतरचा बहुतेक हंगाम मैदानाबाहेरच राहिला. मे २०२१ मध्ये एमेनविरुद्ध ४-० च्या विजयात त्याने दोन गोल घडवले. जुलैमध्ये तो कायमचा निवृत्त झाला.

त्यानंतर तो लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळला आणि २०२३ ची रोटरडॅम मॅरेथॉन त्याने तीन तासांच्या आत पूर्ण केली. पाच सामन्यांपैकी दोन ज्याला चुकत, त्याने ४२ किलोमीटर कसे पार केले, असे कोणी विचारेल. तीन तासांची मॅरेथॉन म्हणजे ताशी सुमारे १४ किलोमीटरचा एकसारखा वेग. या वेगात पाऊल आखूड पडते, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि मांडीचा मागचा स्नायू टोकापर्यंत ताणला जात नाही. विंगरला लागणारा वेग याच्या दुपटीहून जास्त असतो, आणि तो काही पावलांत गाठून पुन्हा काही पावलांत सोडायचा असतो. स्नायू फाटतो तो या चढउतारांत.